एका जुन्या जीपची बखर

जन्मभर मी मुलांना इतिहास शिकवला. पण उतारवयात इतिहास विकत घ्यायची वेळ येईल असे वाटले नव्हते. गेल्या श्रावणात ती आली. कऱ्हाडजवळच्या एका बागाईतदाराच्या गुऱ्हाळात १९६८ सालची पेट्रोलवर चालणारी जीप उभी आहे आणि ती विकायची आहे, असा निरोप आमच्या ओळखीच्या मिस्त्रीने आणला.

निवृत्त मास्तराला हे डोहाळे कशाला, असे वाचक म्हणतील. त्याला कारण आहे. आमची आई नव्वदीला टेकली आहे आणि पाटण तालुक्यातली आपली वाडी सोडायला तयार नाही. डांबरी रस्ता संपतो तिथून वाडीपर्यंत तीन किलोमीटर लाल मातीचा चढ आहे. आषाढात तिला न्युमोनिया झाला. रुग्णवाहिका पायथ्याशी थांबली, माझी छोटी मोटार पहिल्याच वळणावर चिखलात नुसती चाके फिरवीत राहिली, आणि शेवटी चौघांनी आईला घोंगडीच्या झोळीतून खाली आणले. ती वाचली. पण त्या रात्री कंदिलाच्या उजेडात डुलत येणारी ती झोळी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. चारही चाकांना जोर पोचवणारी गाडी हवी, हे तेव्हाच मनाने घेतले. नव्या गाडीची किंमत विचारून आलो आणि दोन दिवस घरात कुणाशी बोललो नाही. मग राहिली जुनी.

"अहो, पण हिला दारं कुठे आहेत?" जीपचे चित्र पाहून सौभाग्यवतींनी पहिला प्रश्न केला. प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर कऱ्हाडात नव्हते. ते १९४० सालच्या अमेरिकेत होते.

युरोपात युद्ध पेटले होते. अमेरिकन लष्कराला घोडा आणि मोटारसायकल या दोहोंची जागा घेणारी हलकी गाडी हवी होती. जुलै १९४० मध्ये लष्कराने १३५ कारखानदारांना मागणीपत्र धाडले आणि नमुन्याची गाडी द्यायला दिवस दिले एकूणपन्नास! पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावचा बॅन्टम हा लहानसा, डबघाईला आलेला कारखाना तेवढा या मुदतीला उतरला. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने काही दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबरला गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. पुढे काय झाले ते ऐका. एवढा लहान कारखाना लष्कराला पुरा पडणार नाही म्हणून तीच कल्पना विलीज आणि फोर्ड यांच्या हाती दिली गेली. युद्ध संपेपर्यंत त्या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या, आणि बिचाऱ्या बॅन्टमच्या वाट्याला जीपच्या मागे ओढायचे ट्रेलर आले. शोध एकाचा, लौकिक दुसऱ्याचा. इतिहासाच्या मास्तराला यात नवल नाही.

सांगायचा मुद्दा हा की या गाडीत दार नाही ते विसरून नव्हे. लष्कराने ते मागितलेच नव्हते. मागितले होते ते कमी वजन, ठेंगणी बांधणी आणि चारही चाकांना पोचणारा जोर.

ती आपल्याकडे आली १९४७ साली. महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाने पोलादाचा व्यापार सुरू केला होता. मुंबईत विलीजचे सुटे भाग जोडून जीपा उभ्या राहू लागल्या त्याच सुमारास देशाची फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये पाटीवरच्या दोन्ही जागी महिंद्र हेच नाव आले.

आता जुन्या जीपच्या खरेदीविषयी. तीत फसणारा मी काही पहिला ठरणार नव्हतो. तो मान खुद्द आपल्या सरकारचा! काश्मीरची लढाई चालू होती, सैन्याला जीपा तातडीने हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी १९४८ मध्ये दुरुस्त केलेल्या, वापरलेल्या जीपांचा सुमारे ऐंशी लाख रुपयांचा करार केला. पैसा बहुतेक आधी गेला, माल मागून आला आणि पारख त्याच्याही मागून झाली. १५५ जीपा उतरल्या. त्या कामाच्या नाहीत असे सैन्याने सांगितले. संसदेत वादळ उठले. १९५५ मध्ये गृहमंत्री पंतांनी प्रकरण मिटल्याचे जाहीर केले आणि १९५६ मध्ये मेनन मंत्री झाले. चीनच्या युद्धामुळे १९६२ मध्ये त्यांना संरक्षण खाते सोडावे लागले, तेव्हा त्या जागी गेले ते कऱ्हाडचेच यशवंतराव चव्हाण. मेनन यांच्या हेतूविषयी मला काही म्हणायचे नाही. पण आपल्या खिशात ऐंशी लाख नाहीत, निवृत्तीच्या पैशातले दोन लाख आहेत, एवढे मी एसटीत बसताना स्वतःला बजावले.

जीप दिसायला मात्र देखणी. बॉनेट नेहमीच्या लष्करी जीपेपेक्षा उंच. विलीजच्या जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला असत. या नव्यात आत घेणारा व्हॉल्व्ह वर माथ्यावर चढवला, इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकायला बॉनेटही उंच झाले. हा नमुना अमेरिकेत १९५३ मध्ये आला आणि नेमका १९६८ मध्ये तिथे बंद पडला. आपल्याकडे तो पुढे कित्येक वर्षे बनत राहिला.

मिस्त्री पोते अंथरून गाडीखाली शिरला. स्क्रू ड्रायव्हरने चासीला टोचे मारीत तो बराच वेळ बोललाच नाही. मी पुस्तकातला इंजिन नंबर पडताळत होतो. कारण १९७३ साली जगात तेल भडकले आणि नंतरच्या काळात पुष्कळांनी जीपांची पेट्रोल इंजिने उपटून डिझेलची बसवली. पुस्तकात एक आणि गाडीत दुसरे, असा संसार पुढे आरटीओच्या दारात मोडतो. इथे नंबर जुळला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करायचे नूतनीकरणही झालेले होते. मी मनात पेढे वाटू लागलो.

"गुरुजी," खालून आवाज आला, "इंजान शाबूत हाय. चासीबी बरी हाय. पर पुढचा शाफ्टच न्हाय."

म्हणजे पुढच्या चाकांना जोर नेणारा दांडाच गायब! चार चाकांची म्हणून विकायला काढलेली गाडी दोनच चाकांवर चालत होती. मालक ओशाळला नाही. "वडिलांनी काढून ठेवलाय. पेट्रोल महागलं तवा. ऊस सपाटीला, तिथं पुढच्या चाकाचं काय काम?" असे म्हणून त्याने माळ्यावरून ग्रीस माखलेले, गोणपाटात गुंडाळलेले एक धूड खाली काढले. १९७३ चा तेलसंकट हा धडा मी तीस वर्षे फळ्यावर लिहिला. तो हाताने उचलून पाहिला तो त्या दिवशी. चांगला जड आहे.

मिस्त्रीने दोन तासांत शाफ्ट चढवला. लिटरला सात-आठ किलोमीटरच्या वर आशा धरू नका, आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते ते जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही, त्या बदला, आणि डांबरावर चारी चाके कधी लावू नका, नाही तर गियरांवर ताण येईल, हेही त्याने ऐकवले. मालक म्हणाला, "गुरुजी, सगळी रक्कम आज द्या, गाडी घेऊन जा." मला १५५ जीपा आठवल्या. मी म्हटले, "दहा हजार आज. बाकीचे आमच्या वाडीच्या अंगणात."

तो हसला, पण आला. फाट्यापासून भुरभुर पाऊस होता. डांबर संपल्यावर मिस्त्रीने गियरच्या शेजारच्या दोन्ही दांड्या एकामागून एक ओढल्या, गाडीचा वेग बैलगाडीइतका झाला आणि ज्या वळणावर माझी मोटार रुतली होती ते वळण तिने मान हलवीत, कुरकुरत, पण न थांबता पार केले. मला वाटले, आता ही बंद पडेल, आता पडेल. पडली नाही.

आई ओट्यावर आली. तिने जीपभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला, तो भाजला म्हणून काढून घेतला.

"हिला दार न्हाय व्हय रं?"

"नाही आई."

"बरं हाय. चढा-उतरायला सोपं." मग मागच्या जागेकडे पाहून म्हणाली, "भाताची पोती किती बसतील?"

बाकीचे पैसे मी तिथेच, अंगणात, दोनदा मोजून दिले. पोती चार बसली.