तळटीप ३ : मृणाल गोरे

३. मृणाल गोरे (१९२८–२०१२) : लेखकाने त्यांना येथे नुसते ‘माजी खासदार’ म्हटले आहे, ते अपुरे आहे. लोकसभेत त्या १९७७ ते १९७९ एवढाच काळ होत्या. खरे काम महापालिकेत आणि विधानसभेत झाले. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. १९५८मध्ये पती केशव (बंडू) गोरे वारले, तरी मुंबईच्या गोरेगाव उपनगरातले त्यांचे काम सुटले नाही. मुंबई महापालिकेची हद्द १९५७मध्ये दहिसरपर्यंत वाढली, पण नळाचे पाणी काही त्या वेगाने वाढले नाही. १९६१मध्ये नगरसेविका झाल्यावर त्यांनी हाच प्रश्न हंडामोर्चे काढून सभागृहात आणि रस्त्यावर लावून धरला. ‘पाणीवाली बाई’ हे नाव तेव्हाचे. १९७२मध्ये त्या आमदार झाल्या. महागाईविरोधातले लाटणे मोर्चे त्याच सुमाराचे. त्यांत मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर बरोबरीने होत्या, हे पक्षनिष्ठ चरित्रकार कधीकधी विसरतात. आणीबाणीत भूमिगत, मग तुरुंग. १९८५मध्ये पुन्हा विधानसभेत, पुढे विरोधी पक्षनेत्या. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८मध्ये केला, त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता.