फास्ट लेन्सचा फोकस: हाताने, पण अचूक

छायाचित्रात प्रकाश थोडा कमी-जास्त झाला, तर तो संगणकावर बऱ्याच अंशी सावरता येतो. रंगही सुधारता येतात. हुकलेला फोकस मात्र पूर्णपणे परत मिळवून देणारा उपाय अजून नाही. एफ १.४ किंवा एफ १.२ इतके मोठे अॅपर्चर असलेली 'फास्ट' लेन्स वापरताना आणि फोकस हाताने जुळवताना ही गोष्ट प्रकर्षाने जाणवते.

एफ २.८ च्या तुलनेत एफ १.४ मधून चौपट प्रकाश आत येतो, म्हणून मंद उजेडात या लेन्सला पर्याय नसतो. खान्देशात अशा प्रसंगांची वाण नाही. श्रावणात घरोघरी कानबाईची स्थापना होते, रात्रभर जागरण चालते. समईच्या उजेडात नारळावर रेखलेले देवीचे डोळे टिपायचे, तर फ्लॅशने त्या वातावरणाचा विरस होतो. जळगावहून साधारण साठ किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या चित्रांसमोर तर फ्लॅशला मनाईच आहे.

काचेवरची प्रतिमा

अजिंठ्यातील अंधाराशी झुंजलेल्या आद्य छायाचित्रकारांत मेजर रॉबर्ट गिल यांचे नाव घ्यावे लागते. तेथील चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम त्यांच्याकडे १८४४ मध्ये आले. पुढे त्यांनी कॅमेराही हाती घेतला. जेम्स फर्ग्युसन यांच्यासह त्यांचे लेण्यांवरील सचित्र पुस्तक १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले. गिल १८७९ मध्ये निवर्तले. त्यांची कबर भुसावळला आहे.

त्या काळच्या कॅमेऱ्यात मागच्या बाजूस घासलेली काच असे. काळ्या कापडाखाली डोके घालून त्या काचेवरची उलटी प्रतिमा पाहायची, फोकस जुळवायचा आणि मग काचेच्या जागी प्लेट सरकवायची, अशी पद्धत होती. काम संथ होते, पण त्यात एक मोठी सोय होती. जेथे चित्र उमटणार, नेमक्या त्याच प्रतलावर ते आधी दिसत असे. डिजिटल कॅमेऱ्यावर हाताने फोकस करण्याचे मर्मही हेच आहे.

किती खोली?

फोकस केलेल्या बिंदूच्या मागे-पुढे जेवढा भाग स्पष्ट दिसतो, त्याला 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.४ ला उघडून दीड मीटरवर फोकस केला, तर प्रचलित हिशेबाने ही खोली सुमारे ७ सेंटीमीटर भरते. ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर ती जेमतेम अडीच सेंटीमीटर राहते. हा हिशेब मध्यम आकाराच्या छापील चित्रासाठी आहे. तेच चित्र पडद्यावर पूर्ण मोठे करून पाहिले, की सहनशीलतेची मर्यादा अंदाजे पाचपट आक्रसते. मग डोळा स्पष्ट आणि भुवई धूसर, अशी अवस्था होते.

व्ह्यूफाइंडरची फसगत

डिजिटल एसएलआरमध्ये छायाचित्रकार जे पाहतो ते आरशातून फोकसिंग स्क्रीनवर पडलेले चित्र असते. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या स्क्रीनवर मध्यभागी दुभंगलेली प्रतिमा जुळवण्याची सोय असे. ऑटोफोकस आल्यावर ती गेली आणि चित्र उजळ दिसावे अशा रचनेच्या स्क्रीन आल्या. त्यांच्यावर साधारण एफ २.८ च्या पलीकडचा परिणाम उमटतच नाही. लेन्स एफ १.४ ची असली, तरी डोळ्याला दिसणारी स्पष्टता एफ २.८ ची असते. म्हणजेच प्रत्यक्षापेक्षा दुप्पट खोली भासते आणि फोकस बसल्याचे खोटे समाधान मिळते.

याची खातरजमा सोपी आहे. डेप्थ ऑफ फील्ड पाहण्याचे बटण दाबून अॅपर्चर १.४ वरून २.८ पर्यंत लहान करत न्यावे. व्ह्यूफाइंडरमधील चित्र बहुधा काळवंडत नाही.

सेन्सरवर विश्वास

उपाय 'लाइव्ह व्ह्यू'चा. यात आरसा वर जातो आणि सेन्सरवर पडलेली प्रतिमाच पडद्यावर दिसते. घासलेली काच जणू नव्या रूपात परतते. २००८ मध्ये पॅनासॉनिक जी१ आला आणि आरसाच नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांचे युग सुरू झाले. त्यांत हीच प्रतिमा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये, डोळ्याला लावून पाहता येते.

काम करताना पुढील क्रम ठेवावा. प्रथम चौकट ठरवावी. मग फोकसची चौकोनी खूण डोळ्यावर न्यावी आणि प्रतिमा पाच ते दहा पट मोठी करावी. फोकसची कडी स्पष्टतेच्या पुढे जाऊन पुन्हा मागे आणावी. दोन्ही बाजूंची धूसरता पाहिली म्हणजे मधला बिंदू अचूक सापडतो. त्यानंतर विलंब न करता शटर दाबावे. उभ्या माणसाचे शरीर नकळत सेंटीमीटरभर हलते आणि तेवढ्याने फोकस सुटतो. म्हणून ट्रायपॉड नसेल तेथे तीन-चार चित्रे लागोपाठ घ्यावीत.

स्पष्ट कडा रंगाने दाखवणारे 'फोकस पीकिंग' चटकन दिशा दाखवते. पण रंगाचा पट्टा प्रत्यक्ष स्पष्टतेहून रुंद असतो. अखेरचा निर्णय मोठ्या केलेल्या प्रतिमेवरच घ्यावा.

नेहमीच्या चुका

मधोमध फोकस करून मग कॅमेरा वळवण्याची सवय फास्ट लेन्सला मानवत नाही. दीड मीटरवरील चेहऱ्यावर फोकस करून कॅमेरा १५ अंशांनी वळवला, तर फोकसचे प्रतल चेहऱ्याच्या सुमारे ५ सेंटीमीटर मागे जाते. ५० मिलिमीटरच्या लेन्सची एफ १.४ ची खोली तेथेच संपते.

काही फास्ट लेन्समध्ये अॅपर्चर लहान करताच फोकस किंचित सरकतो. धुळ्यात १९२७ मध्ये स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात आहेत तशी जुनी हस्तलिखिते टिपताना हे ध्यानात ठेवावे. सपाट पानाला एफ १.४ ची गरज नसते, ५.६ किंवा ८ बरे; मात्र फोकस त्याच अॅपर्चरवर तपासावा.

खान्देशातील उन्हाळ्याचा प्रश्न उलटा. रावेर-यावलच्या केळीबागांबाहेर भर दुपारी, आयएसओ १०० असताना, एफ १.४ ला सेकंदाच्या बारा हजाराव्या भागाहून कमी वेळ लागतो. बहुतेक यांत्रिक शटर चार किंवा आठ हजाराशी थांबतात. तेथे प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावावा. उन्हात मागचा पडदा नीट दिसत नाही. मिररलेसचा व्ह्यूफाइंडर उपयोगी पडतो.

कपाटातील जुन्या लेन्स अॅडॉप्टरने मिररलेस कॅमेऱ्यावर बसतात. अॅडॉप्टर किंचित आखूड असेल, तर कडी अनंताच्या खुणेवर येण्याआधीच दूरचे दृश्य स्पष्ट होते. त्यामुळे कडीवरील आकड्यांवर विसंबू नये.

सरावाचे मोल

चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) यांनी टेबलावर साध्या वस्तू मांडून निसर्गदृश्यांचा भास निर्माण करणारी छायाचित्रे काढली. अनेक दशके ते क्वचितच घराबाहेर पडले. चार भिंतींत, एका टेबलावर किती काम होऊ शकते याचा तो दाखला आहे. फोकसचा सरावही टेबलावरच करावा. मोजपट्टी ४५ अंशांत तिरपी ठेवून ठरावीक आकड्यावर दहा वेळा फोकस करावा आणि किती वेळा तो आकडाच स्पष्ट आला ते पाहावे. चूक सतत एकाच बाजूला पडत असेल, तर दोष लेन्स, स्क्रीन वा पद्धतीचा. दोन्ही बाजूंना विखुरत असेल, तर हात अजून बसायचा आहे. कानबाईची रात्र वर्षातून एकदाच येते. ही परीक्षा तिच्या आधी झालेली बरी.