स्तनाचा कर्करोग : सवयी, गोळ्या आणि हळद

भारतातील महिलांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. हिंगोली जिल्ह्यातील वस्त्यांवर काम करताना आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात : हा कशाने होतो? आणि टाळायला काही गोळी आहे का? कार्यकर्त्यांच्या हाताशी असावी म्हणून ही माहिती.

सवयी : दारू थोडी घेतली तरी धोका वाढतो. पंचशीलातील पाचवे शील पाळणाऱ्या महिलेला हा धोका उरत नाही. पाळी गेल्यानंतर वाढलेले वजनही धोक्याचे, कारण त्या वयात चरबीतून इस्ट्रोजेन तयार होत राहते. नियमित शारीरिक हालचालीने धोका घटतो. बाळाला अंगावर पाजण्यानेही घटतो. ३० देशांतील ४७ अभ्यासांच्या २००२ सालच्या विश्लेषणात, पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे धोका सुमारे ४ टक्क्यांनी कमी दिसला.

औषधे : गर्भनिरोधक गोळ्या घेत असताना धोका किंचित वाढतो आणि बंद केल्यावर हळूहळू ओसरतो. याच गोळ्यांमुळे अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. त्यामुळे ऐकीव माहितीवर गोळ्या फेकून देऊ नयेत, डॉक्टरांना विचारावे. पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र देतात. त्यावरील अमेरिकेतील मोठी चाचणी २००२ मध्ये थांबवावी लागली, कारण स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले.

पूरक गोळ्या : आपल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. जेवणातली हळद खुशाल खावी. मात्र हळदीच्या अर्काच्या, म्हणजे कर्क्युमिनच्या, गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग टळतो हे सिद्ध झालेले नाही. उलट अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कर्करोगाचे उपचार सुरू असताना तर त्या परस्पर घेऊच नयेत. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनीही हा कर्करोग टळतो असे सिद्ध झालेले नाही.

दोष कुणाचा? वाढते वय आणि घराण्यातील आजार ही मोठी कारणे कुणाच्याच हातात नसतात. कधीही दारू न घेतलेल्या, शेतात राबणाऱ्या बाईलाही हा आजार होतो. म्हणून "तिचेच काहीतरी चुकले असेल" ही भाषा आपण थांबवली पाहिजे. या लाजेपायीच गाठ लपवली जाते.

वेळेवर तपासणी : टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. त्यातील निम्म्या महिलांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हातानेच केली. २० वर्षांनंतर, तपासणी झालेल्या गटातील पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळले.

स्तनात किंवा काखेत गाठ, कातडी ओढली जाणे, बोंड आत जाणे, त्यातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नये. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. तिशीपुढील महिलांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत.

युवकांनो, विहारातल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या आई, मावशी, वहिनीला तपासणीला घेऊन जा.