बंद गाडीतले इंधन

मोटार बंद केल्यावर तिच्यातले इंधन कुठे थांबते आणि किती वेळ टिकते, यावर ती पुन्हा चटकन सुरू होणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरते. इंधन न पोहोचण्याची तक्रार मोटारीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ मानहाइमहून फोर्झहाइमला मोटार घेऊन निघाल्या, तेव्हा वाटेत इंधनाची नळी तुंबली आणि त्यांनी ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. दाब मोजण्याचा तेव्हा प्रश्नच नव्हता. इंधन आले नाही तर नळीत कचरा अडकला, एवढेच निदान होते आणि ते बहुधा बरोबर असे.

१९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीतही पंप नव्हता. टाकी पुढच्या आसनाखाली आणि कार्बोरेटर तिच्याहून खाली, त्यामुळे पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरत असे. टाकी रिकामी होत आली आणि समोर उभा चढ आला की कार्बोरेटर टाकीच्या पातळीला येई व इंजिन बंद पडे. मग चालक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढत. ही युक्ती म्हणजे इंधनाच्या दाबाचा धडाच होता: दाब उंचीतून येत होता, म्हणून उंची परत मिळवली की दाब परत मिळे.

पुढे टाकी सुरक्षिततेसाठी गाडीच्या मागच्या बाजूला, खाली गेली आणि पेट्रोल वर ओढून आणणे भाग पडले. काही वर्षे हे काम निर्वात टाकीने केले. इंजिनाच्या ओढीने मागचे पेट्रोल बॉनेटखालच्या एका छोट्या टाकीत येई आणि तिथून उताराने कार्बोरेटरमध्ये जाई. या छोट्या टाकीत रात्रभर पेट्रोल शिल्लक राहत असल्याने सकाळी गाडी सहज सुरू होई; ती कोरडी पडली तर मात्र वरचे बूच काढून हाताने पेट्रोल ओतावे लागे.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा डायफ्रामचा पंप रुळू लागला आणि पुढची पन्नास वर्षे त्याचेच राज्य होते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणारी फियाट ११००, तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी आणि हिंदुस्तान मोटर्सची अँबेसेडर या गाड्यांवर महाराष्ट्रातल्या मेकॅनिकांच्या पिढ्या तयार झाल्या, त्या याच पंपावर. त्याची रचना साधी आहे. कॅम दांडी हलवतो, दांडी डायफ्राम खाली ओढते, पेट्रोल आत येते. मग स्प्रिंग डायफ्राम वर ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. म्हणजे दाब ठरवते ती स्प्रिंग, आणि तो जेमतेम ०.२ ते ०.३५ बार असतो. आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या वाटेवर एकेक वॉल्व्ह असतो. हे वॉल्व्ह नीट बसले नाहीत, तर रात्रभरात नळीतले पेट्रोल टाकीकडे परत उतरते. कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीतलेही थोडे उडून जाते. सकाळी सेल्फ मारत राहावे लागते, बॅटरी उतरते, आणि एकदा सुरू झालेली गाडी दिवसभर तक्रार करत नाही.

या दोषाचे निदान गॅरेजमध्ये हातानेच होई, आणि त्या पद्धतीतली शिस्त आजही शिकण्यासारखी आहे. मेकॅनिक पहिला प्रश्न विचारी: गाडी थंड असताना त्रास देते की गरम? थंड असताना देत असेल तर कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर पेट्रोल टाकून सेल्फ मारला जाई. इंजिन क्षणभर पेटून विझले, तर ठिणगी ठीक आहे आणि पेट्रोल पोहोचत नाही, हे सिद्ध होई. मग कार्बोरेटरकडची नळी सोडवून तिचे टोक बाटलीत धरायचे आणि इंजिन फिरवायचे. प्रत्येक फेऱ्याला जोरदार पिचकारी आली पाहिजे. पिचकारी मंद असेल तर डायफ्राम किंवा स्प्रिंग थकलेली. पेट्रोलबरोबर बुडबुडे येत असतील तर टाकी ते पंप या ओढीच्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे. ही गळती फसवी असते, कारण तिथून पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. तडकलेला रबरी पाइप किंवा पंपाच्या गाळवाटीचे दबलेले पॅकिंग ही तिची नेहमीची ठिकाणे. शेवटी ऑइलची दांडी ओढून हुंगायची: ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळी वाढलेली दिसली, तर डायफ्राम फाटून पेट्रोल इंजिनात उतरते आहे. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते.

गरम गाडीची तक्रार याहून अवघड. द्रुतगती मार्ग होण्याआधी मुंबई-पुणे वाहतूक जुन्या रस्त्याने बोरघाट चढत असे, आणि उन्हाळ्यात तिथे बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे नेहमीचे दृश्य होते. इंजिनाला चिकटलेला पंप तापला की ओढीच्या बाजूचे पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. डायफ्राम वाफच दाबत आणि सोडत राहतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. पंपावर ओले फडके ठेवणे हा त्यावरचा सर्वमान्य उपाय होता आणि तो शास्त्रशुद्धच होता. पण गरम गाडी सुरू न होण्याचे नेमके उलटे कारणही असते. चढ संपवून गाडी उभी केली की थंड हवेचा झोत थांबतो, कार्बोरेटर तापतो, वाटीतले पेट्रोल उकळून इंजिनात सांडते आणि प्लग ओले होतात. पहिल्या वेळी पेट्रोल कमी, दुसऱ्या वेळी जास्त; चालकाला मात्र दोन्ही वेळा सारखेच दिसते. दुसऱ्या प्रकारात चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा लागतो. प्लग काढून तो कोरडा आहे की ओला, हे पाहिल्याशिवाय हा भेद कळत नाही.

डिझेल गाड्यांत हीच कथा हवेच्या नावाने सांगितली जाते. बॉशने १९२७ मध्ये डिझेल इंजेक्शन पंपाचे कारखानी उत्पादन सुरू केले. भारतात १९५१ मध्ये बेंगळुरूला स्थापन झालेल्या मायको कंपनीने हे पंप बनवले आणि तिच्या नाशिकच्या कारखान्यातून नोझल बाहेर पडू लागले. नळी जोडणाऱ्या बॅंजो बोल्टखालचा तांब्याचा वॉशर दबला की रात्रीतून लाइनमध्ये हवा शिरते. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. त्यानंतर पंपावरचा स्क्रू, आणि शेवटी नोझलकडच्या नळ्यांचे नट, याच क्रमाने. मात्र रोज सकाळी हवा काढावी लागत असेल, तर तो उपचार म्हणजे निदान नव्हे; हवा शिरते कुठून ते शोधणे बाकी असते.

पेट्रोल इंजेक्शन आले आणि दाबाचे प्रमाणच बदलले. १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाड्यांत आलेली बॉशची डी-जेट्रॉनिक प्रणाली सुमारे २ बारवर चाले, १९७३ ची के-जेट्रॉनिक सुमारे ५ बारवर. एवढ्या दाबामुळे पेट्रोल उकळण्याचा प्रश्न इंजिन चालू असेपर्यंत सुटला, पण इंजिन बंद होताच दाब ओसरला तर तापलेल्या नळ्यांत वाफ पुन्हा तयार होते. म्हणून के-जेट्रॉनिकमध्ये स्प्रिंग आणि डायफ्रामचा एक संचायक बसवला गेला, ज्याचे एक मुख्य काम बंद गाडीत दाब धरून ठेवणे हे होते. इथे गेजशिवाय निदान अशक्य झाले. मेकॅनिकला तीन दाब घ्यावे लागत: चालू प्रणालीचा, नियंत्रणाचा, आणि इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी उरलेला. थकलेल्या संचायकाची गाडी पहाटे उत्तम सुरू होई आणि दुपारी पेट्रोल भरायला दहा मिनिटे थांबली की अडून बसे.

भारतात इंजेक्शनची ही विद्या सर्वदूर गेली ती १९९८ ची सँट्रो आणि २००० मध्ये प्रदूषणाचे नवे नियम लागू होत असताना एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनची, झालेली मारुती ८०० यांच्याबरोबर. पंप टाकीत गेला, दाब साधारण ३ बारच्या आसपास आला, आणि बाटलीतली पिचकारी धोकादायक ठरली. नवी पहिली चाचणी किल्लीची होती. किल्ली ऑन केली की पंप दोनेक सेकंद फिरून थांबतो. सेल्फ न मारता किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ केली आणि मग गाडी पहिल्याच झटक्यात उठली, तर पंप जिवंत आहे पण दाब टिकत नाही, हे बिनखर्चात कळते. अनेक गॅरेजांत ही चाचणी न करताच नवा पंप बसवला जातो आणि गिऱ्हाईक विनाकारण भरडले जाते.

दाब कुठून निसटतो ते गेज लावून शोधले जाते. इंजिन बंद केल्यावर काटा घसरू लागला, तर टाकीकडून येणारा लवचीक पाइप चिमटा लावून बंद करायचा. काटा थांबला तर पंपातला एकमार्गी वॉल्व्ह गळतो आहे. पुन्हा दाब भरून, जादा पेट्रोल टाकीत नेणारा परतीचा पाइप दाबल्यावर काटा थांबला, तर दोष दाब ठरावीक राखणाऱ्या रेग्युलेटरचा. त्याची व्हॅक्यूमची नळी काढल्यावर आत पेट्रोल सापडले तर डायफ्राम फाटल्याची खात्रीच. दोन्ही पाइप बंद असूनही दाब उतरत राहिला, बाहेर कुठे गळतीचा मागमूस नसला आणि एखादा प्लग ओला निघाला, तर तिथला इंजेक्टर ठिबकतो.

पुढे बऱ्याच गाड्यांत परतीची नळी काढून टाकली गेली आणि रेग्युलेटरही टाकीत पंपाशेजारी गेला. त्यामुळे बाहेरून वॉल्व्ह आणि रेग्युलेटर वेगळे तपासता येत नाहीत. पुढचा पाइप बंद करून काटा थांबला, तर टाकीतला सगळा संचच बाहेर काढून पाहावा लागतो. अशा बहुतेक गाड्यांत इंधनाचा दाब मोजणारा सेन्सर नसतो, म्हणून दाब रात्रभर निसटत राहिला तरी स्कॅनर कोणताही कोड दाखवत नाही, आणि तपासणी गेजनेच करावी लागते.