घोडा मोजला तो बिलासाठी

शाळेच्या पुस्तकात क्रम ठरलेला असतो. आधी कार्य, मग ऊर्जा, शेवटी शक्ती. इतिहासात मात्र शेवटच्या धड्याचं माप आधी बाजारात आलं. ‘ऊर्जा’ ही संज्ञा थॉमस यंग यांनी १८०७ मध्ये आजच्या अर्थाच्या जवळ आणली, कार्याची व्याख्या कोरिओलिस यांनी १८२९ मध्ये पक्की केली. अश्वशक्तीवर पैसे त्याआधीच वसूल होऊ लागले होते.

यंत्र किती घोड्यांचं काम करतं, हे सांगण्याची कल्पना थॉमस सेव्हरींची. १७०२ मध्ये पाणी उपसण्याच्या आपल्या यंत्राची महती गाताना त्यांनी पाळ्यांचाही हिशेब मांडला: एका वेळी दोन घोडे जुंपायचे, तर पदरी दहा-बारा तरी पाळावे लागतात. यंत्राला विसावा नको. विक्रेत्याचा मुद्दा, पण बिनतोड.

जेम्स वॉट यांनी तो मुद्दा आकड्यात बसवला, तोही अडचणीपोटी. त्यांचं इंजिन जुन्या न्यूकोमेन इंजिनापेक्षा कितीतरी कमी कोळसा खाई. म्हणून वॉट आणि भागीदार बोल्टन खाणवाल्यांकडून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा घेत. कॉर्नवॉलच्या खाणींत हे जमलं. पुढे चाक फिरवणारं इंजिन आलं, तेव्हा गिऱ्हाईक बदललं. दारूच्या भट्ट्या आणि गिरण्यांत आधी इंजिनच नव्हतं, होते ते गोल फिरणारे घोडे. वाचलेला कोळसा मोजणार कशाच्या तुलनेत? तेव्हा घोडाच मोजायचा ठरला.

१७८२ मधला वॉट यांचा हिशेब असा: २४ फूट व्यासाच्या रिंगणात घोडा तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंडांची ओढ लावतो. गुणाकार केला की मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड येतात. पुढच्या वर्षी त्यांनी ते सरळ ३३,००० केले. म्हणजे सेकंदाला सुमारे ७६ किलो वजन एक मीटर वर.

हा घोडा जरा जास्तच दणकट आहे. अभियंते जॉन स्मीटन यांच्या मते घोडा मिनिटाला जेमतेम २३,००० फूट-पौंड काम करतो, आणि दिवसभर राबणाऱ्या जनावराला तेच शोभतं. पण वॉट यांचा तोटा झाला नाही. इंजिनाचं भाडं अश्वशक्तीमागे वर्षाला लंडनमध्ये ६ पौंड आणि बाहेर ५ पौंड होतं. दहा घोड्यांचं इंजिन घेणाऱ्याला त्याच्या दहा घोड्यांहून जास्तच काम मिळे, त्यामुळे तक्रारीला जागा उरत नसे. मला तरी ही व्यापारी हुशारी वाटते. १७८५ साली लंडनच्या व्हिटब्रेड भट्टीत घोड्यांच्या चाकाऐवजी बसवलेलं त्यांचं इंजिन आज सिडनीच्या संग्रहालयात आहे.

या मापाची खरी खोच वेळेत आहे. साठ किलोचा माणूस तीन मीटरचा जिना चार सेकंदांत चढला काय किंवा मिनिटभरात, कार्य तेवढंच, सुमारे १,७६० ज्यूल. पण पळत चढताना तो अर्ध्या अश्वशक्तीच्या वर जातो, रमतगमत चढताना २९ वॉटवर येतो. दिवसभराच्या कष्टाला माणसाची मजल अश्वशक्तीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच.

१८८२ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी शक्तीच्या एककाला वॉट यांचंच नाव सुचवलं. ७४६ वॉट म्हणजे एक अश्वशक्ती. शास्त्राने घोडा सोडला, बिलाने सोडला नाही. महाराष्ट्रात मीटर नसलेल्या कृषिपंपांची आकारणी आजही एचपीवर होते, आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मोफत विजेच्या योजनेची मर्यादाही ७.५ एचपी अशीच लिहिली आहे.