एका खिशातल्या दोन याद्या

गेल्या भाऊबीजेला दोन घरांत दोन पाट मांडले गेले आणि दोन्ही दुपारपर्यंत रिकामे राहिले. मी नवा सदरा घालून अक्काची वाट पाहत बसलो होतो आणि तिकडे अक्का तबकात निरांजन ठेवून माझी वाट पाहत बसली होती. दोन वाजता तिचा फोन आला. "काय रे, यायचे विसरलास की यायचे नाही?" तिच्या आवाजातला कंप ऐकला आणि माझ्या तोंडचे पाणीच पळाले.

मागाहून आम्ही उभयतांनी या प्रकरणाचा पंचनामा केला. दिवाळीच्या कामांची एक यादी माझ्या डायरीत होती, दुसरी सौ.च्या हाताची, स्वयंपाकघरात टांगलेली. 'अक्काला यंदा इकडे बोलावणे' हे काम दोन्हींत होते. धनत्रयोदशीला सौ.ने आपली यादी नव्या कागदावर स्वच्छ उतरून काढली आणि हे काम गाळले. कारण बहिणीला भावानेच बोलवावे, तेव्हा ते माझ्या यादीत आहे तेवढे पुरे, असा तिचा रास्त समज. मी नवा कागद पाहिला, त्यात अक्काचे नाव दिसले नाही, तेव्हा बोलावणे गेले असे समजून मी माझ्या यादीतही काट मारली. याद्या दोन, माणसे दोन, दोघेही दक्ष; आणि काम मात्र दोहोंच्या मधून निसटले.

चूक कोणाची, हा वाद घरात अजून मिटलेला नाही. परंतु त्या निमित्ताने एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. यादीत एखादे काम नसणे याचे दोन अर्थ होतात. एक, ते कधी लिहिलेच नव्हते. दुसरा, ते लिहिले होते आणि मग काढून टाकले. कोरी जागा दोन्ही वेळी सारखीच दिसते. हे कोडे केवळ आमच्या स्वयंपाकघरातले नव्हे. खिशात मावणारे संगणक ज्यांनी घडवले, त्यांनाही या कोऱ्या जागेने पुष्कळ छळले. त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

ती सुरू होते अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात. जेफ हॉकिन्स नावाच्या गृहस्थांनी १९९२ साली तेथे 'पाम कॉम्प्युटिंग' ही कंपनी काढली. त्याच वर्षी डोना डुबिन्स्की या बाई कंपनीचा कारभार पाहण्यास आल्या. तळहातावर राहील असा संगणक करावा, ही त्या काळी अनेकांची महत्त्वाकांक्षा होती. १९९३ साली अ‍ॅपल कंपनीने 'न्यूटन' नावाचे असे यंत्र बाजारात आणले. त्यात विद्या पुष्कळ भरली होती, पण ते आकाराने मोठे, किमतीने जड, आणि माणसाचे हस्ताक्षर वाचताना ते जे घोटाळे करी त्यांवर वर्तमानपत्रांत विनोद छापून येत. पामच्या मंडळींचा हात असलेले 'झूमर' हे यंत्रही त्याच साली आले आणि तेही चालले नाही.

हॉकिन्स यांनी या अपयशातून एक शहाणपण घेतले. खिशातल्या यंत्राची स्पर्धा मोठ्या संगणकाशी नाही. ती आहे कागदाशी, साध्या खिशातल्या डायरीशी. मग त्यांनी काय करावे? सदऱ्याच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला, त्यावर कागदाचा पडदा चिकटवला, आणि तो ठोकळा खिशात घेऊन ते हिंडू लागले. बैठकीत कोणी वेळ विचारली की ठोकळा बाहेर काढावा, काडीने त्यावर टकटक करावी आणि काही टिपून घेतल्याचा आव आणावा! लोक हसले असतील. पण यंत्र केवढे हवे आणि त्यात काय हवे, हे त्या मुक्या ठोकळ्यानेच त्यांना शिकवले. तो ठोकळा पुढे कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात जाऊन बसला.

१९९६ साली खरे यंत्र आले. नाव 'पायलट'. किंमत तीनशे डॉलरला एक डॉलर कमी. स्मरणशक्ती १२८ किलोबाइट. आजच्या फोनवरचे एक छायाचित्रही त्यात मावायचे नाही. घड्याळात घालतात तसल्या दोन बारीक बॅटऱ्यांवर ते आठवडेच्या आठवडे चाले. त्याच्या अंगावर चार मुख्य बटणे होती: दिनदर्शिका, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे. त्याच्यासोबत एक छोटे बसके मिळे, त्याला ते लोक पाळणा म्हणत. यंत्र पाळण्यात ठेवून त्यावरचे एक बटण दाबले की खिशातली यादी आणि टेबलावरच्या संगणकातली यादी एकमेकींशी ताडून पाहिल्या जात आणि सारख्या होत. या क्रियेला कंपनीने नाव दिले 'हॉटसिंक'.

बटण एक, पण त्यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. यादीतल्या प्रत्येक कामाला यंत्र एक क्रमांक देई. 'दाणे आणणे' याचे तुम्ही 'तेल आणणे' केलेत तरी क्रमांक तोच; म्हणून मजकूर बदलला तरी काम तेच आहे हे ओळखता येई. एखादे काम बदलले की त्यावर एक खूण पडे. या खुणेचे इंग्रजी नाव 'डर्टी', म्हणजे मळलेली नोंद. पाळण्यात बसल्यावर फक्त मळलेल्या नोंदी पाहायच्या आणि मेळ झाला की खुणा पुसून टाकायच्या. सारी यादी पुन्हा वाचण्याचे कारण नाही.

आणि काढून टाकलेल्या कामाचे काय? येथेच खरी मख्खी आहे. तुम्ही काम पुसलेत की ते पडद्यावरून जाई, पण यंत्राच्या पोटातून समूळ जात नसे. त्याचा क्रमांक आणि 'हे पुसले आहे' ही खूण मागे राहत असे. पुढच्या मेळाच्या वेळी संगणकाला ती खूण दाखवायची, त्यानेही आपल्याकडचे काम काढून टाकायचे, आणि मगच दोहोंकडून त्याचे नाव मिटायचे. अशा मागे ठेवलेल्या खुणेला संगणकशास्त्रात 'टूमस्टोन' म्हणतात, म्हणजे थडग्यावरचा दगड. नाव अशुभ वाटेल, पण विचार खोल आहे. एखादी गोष्ट नीट विसरायची असेल, तर आपण ती विसरलो आहोत हे काही काळ लक्षात ठेवावे लागते.

आता समजा, एकच काम तुम्ही खिशात एका तऱ्हेने बदलले आणि टेबलावर दुसऱ्या तऱ्हेने. खरे कोणते? पायलटने यावर निवाडा देण्याचे साफ नाकारले. दोन्ही नोंदी दोन्हीकडे ठेवायच्या आणि निर्णय माणसावर सोपवायचा, हा त्याचा नियम. एकीकडे काम पुसले आणि दुसरीकडे तेच बदलले, तर बदललेले काम जगवायचे. यादीत एक नोंद जास्त झाली तर माणूस त्रासतो, पण एक कमी झाली तर त्याला कळतही नाही. कमी झालेल्या नोंदीपायी काय होते, ते मी अक्काच्या फोनवरून जाणतो.

खिसा आणि टेबल यांचा संसार असा बरा चालला होता. परंतु पुढे एकाच खिशात दोन याद्या नांदू लागल्या आणि नवी पंचाईत उभी राहिली. मूळची कामांची यादी साधी होती: काम, त्याचे महत्त्व एक ते पाच, तारीख, वर्ग आणि एक टीप. हौशी लोकांना एवढ्याने समाधान होईना. त्यांच्यासाठी बाहेरच्या कारागिरांनी निराळे प्रोग्राम लिहिले आणि त्यांचे दोन पंथ पडले.

पहिला पंथ म्हणे, दुसरी यादी ठेवूच नये. मूळची यादी ज्या पेटीत आहे तीच उघडायची, फक्त दाखवायची निराळ्या साजात. स्टुअर्ट ड्यूअर यांचा 'डेटबुक' हा प्रसिद्ध प्रोग्राम या पंथाचा होता. (या गृहस्थांनी त्याची कमाई गोरिलांच्या रक्षणासाठी लावली, हेही येथे सांगण्याजोगे आहे.) पण मूळ नोंदीत ज्याला जागाच नाही, असे काही लिहायचे झाले तर? ड्यूअर यांनी युक्ती केली. टीपेच्या पहिल्या ओळीत, आरंभी दोन चौकटखुणा घालून, त्यांनी आपले सांकेतिक लेखन दडवले. मूळ प्रोग्रामातून पाहणाऱ्याला टीपेच्या डोक्यावर ती विचित्र अक्षरे दिसत. ती त्याने पुसली की केलेली सजावट गेली.

दुसऱ्या पंथात 'बोन्साय', 'शॅडोप्लॅन' असे प्रोग्राम. यांत कामाच्या पोटात काम, त्याच्या पोटात आणखी काम, अशी झाडासारखी मांडणी असे. दिवाळी हे खोड, फराळ ही फांदी, चकलीची भाजणी हे पान. ही मांडणी मूळच्या सपाट यादीत मावणे शक्यच नव्हते, म्हणून यांची पेटी स्वतंत्र. पण आजची कामे मूळच्या यादीतही दिसावीत ही इच्छा कोणाला सुटते? मग एकच काम दोन पेट्यांत लिहिले गेले; आणि दोन प्रती झाल्या की मेळ घालणे आलेच. पान यादीत उतरे, पण ते कोणत्या फांदीचे, हे सपाट यादीला सांगता येत नसे.

गंमत अशी की, २००३ साली खुद्द पाम कंपनीवरच ही पाळी आली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात 'टंगस्टन' मालिकेतली दोन नवी यंत्रे निघाली. त्यांत कामांच्या यादीला नवे नाव आणि नवे गुण मिळाले: कामाला गजर लावता येई, आणि दर महिन्याचे काम आपोआप पुन्हा उगवे. यासाठी नव्या घडणीची पेटी करावी लागली. परंतु जुनी पेटी उघडणारे प्रोग्राम तोवर लोकांनी पदरचे पैसे मोजून घेतलेले. ते टाकून कसे देणार? तेव्हा कंपनीने दोन्ही पेट्या ठेवल्या आणि पडद्याआड त्यांचा मेळ घालण्याची व्यवस्था केली. एकाच यंत्रात, एकाच मालकाच्या, एकाच कामाच्या दोन नोंदी! आणि अडचण तीच. 'दर महिन्याला विजेचे बिल' हे नव्या पेटीला समजे. जुन्या पेटीत 'दर महिन्याला' या शब्दांना जागाच नव्हती. मोठ्या भांड्यातले लहान भांड्यात ओतले की उरलेले सांडणारच.

वाचक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? ज्या नोंदीची वेळ मागाहूनची ती खरी धरावी, म्हणजे झाले. पण घड्याळे तरी कुठे जुळतात? लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७८ सालीच एका निबंधात दाखवले होते, की वेगवेगळ्या यंत्रांच्या घड्याळांवर न विसंबताही आधी काय आणि नंतर काय याचा क्रम लावता येतो. १९८३ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील मंडळींनी त्याच वाटेवर पुढे जाऊन एक रीत सांगितली. प्रत्येक प्रतीने, कोणत्या ठिकाणी किती बदल झाले, याचा आकडा जवळ बाळगावा. एकीचे सर्व आकडे दुसरीएवढे किंवा जास्त असतील तर ती नवी. काही इकडचे जास्त, काही तिकडचे जास्त, असे निघाले तर दोघींनी एकमेकींना न विचारता बदल केला आहे. तेथे खुशाल तंटा आहे असे जाहीर करावे. तंटा मिटवता आला नाही तरी तो लपवू नये, हे त्या गणिताचे सार.

याद्यांची भाषा एक करण्याचा प्रयत्नही झाला. नोव्हेंबर १९९८ मध्ये 'आयकॅलेंडर' नावाची नियमावली प्रसिद्ध झाली. ती लिहिणाऱ्या दोघांपैकी एक लोटस कंपनीचे, दुसरे मायक्रोसॉफ्टचे. म्हणजे बाजारातले प्रतिस्पर्धी. तिच्यात प्रत्येक कामाला कायमचा क्रमांक दिला आहे, आणि कामाची स्थिती सांगण्यासाठी चार शब्द दिले आहेत: करायचे आहे, चालू आहे, झाले, रद्द. 'झाले' आणि 'रद्द' हे दोन शब्द वेगळे ठेवले, हे मला फार मोलाचे वाटते. आमच्या घरी दोहोंना एकच काट होती.

आणि तरीही कोडे पुरते सुटले असे नाही. २००७ साली अ‍ॅमेझॉनच्या तंत्रज्ञांनी आपल्या साठवणव्यवस्थेवर निबंध लिहिला. ग्राहकाने टोपलीत घातलेली वस्तू कधीही हरवू नये, हा त्यांचा आग्रह. त्याची किंमत म्हणून काढून टाकलेली वस्तू क्वचित पुन्हा टोपलीत उगवे, हे त्यांनी मोकळेपणाने मांडले. जगातल्या एवढ्या मोठ्या दुकानानेही शेवटी पायलटचाच न्याय पत्करला: संशय आला तर ठेवून द्या.

पाम कंपनी २०१० साली ह्यूलेट-पॅकर्डने विकत घेतली आणि २०११ मध्ये तिच्या यंत्रांचे उत्पादन थांबले. पाळणे अडगळीत गेले. आता याद्या फोनमध्ये असतात आणि त्यांची प्रत दूरच्या संगणकावर राहते. बटण दाबावे लागत नाही. पण आगगाडी बोगद्यात शिरली आणि संपर्क तुटला, की फोन पुन्हा एकटा पडतो आणि बाहेर आल्यावर तोच जुना हिशेब चालू होतो: काय बदलले, काय पुसले, आणि जे दिसत नाही ते कधी होते की नव्हते?

आमच्या घरी यंदा दोन नियम केले आहेत. काट मारायची तर शेजारी 'झाले' किंवा 'तुमच्याकडे' असे लिहायचे. आणि संशय आला तर काम दोघांनीही करायचे. दुसऱ्या नियमाप्रमाणे अक्काला भाऊबीजेची दोन बोलावणी गेली, सकाळी माझे आणि संध्याकाळी सौ.चे. अक्का हसून म्हणाली, "बोलावणी दोन आली आहेत, आता ओवाळणीही दोन घेईन हो!"

दोन तर दोन. यंदाचा पाट रिकामा राहायचा नाही.