माजूमवाला अमीर आणि साहेबाचा अर्क

‘अर्क’ काढणे म्हणतो तेव्हा आपण अरबी बोलत असतो. अरबीत ‘अरक’ म्हणजे घाम. भट्टीवरच्या भांड्याला आतून जे थेंब सुटतात, त्यांना हा शब्द चपखल बसला. ‘माजूम’ही अरबीच, मूळ ‘माजून’, म्हणजे मळून केलेले. भांगेच्या औषधाच्या इतिहासात हे दोन्ही शब्द भेटतात, ते १८३९च्या कलकत्त्यात.

विल्यम ओ'शॉनेसी हा आयरिश डॉक्टर तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होता. भांगेवर प्रयोग करण्याआधी त्याने माणसे गाठली. संस्कृत ग्रंथांसाठी एशियाटिक सोसायटीचे पंडित कमलाकांत विद्यालंकार, फारसीसाठी हुगळीच्या इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली. आणि शहरातल्या भांगबाजांच्या नामांकित अड्ड्याचा मालक अमीर.

अमीरने साहेबासमोर माजूम करून दाखवला. भांगेची पाने तुपात आणि पाण्यात कोळशावर आटवायची. पाणी संपून तूप तडतडू लागले की फडक्यातून गरम गरम पिळून घ्यायचे. गोठलेला हिरवा गोळा पाण्याने धूत राहायचे, धुवण फिकट होईपर्यंत. ते धुवण फेकून द्यायचे. त्याने घसा आवळतो, फार दुखते, असे अमीरचे म्हणणे. पुढे साखर, दूध वगैरे. या कृतीला मी शुद्धीकरणच म्हणेन. भांगेची राळ पाण्यात विरघळत नाही, तुपात विरघळते, म्हणून पाण्याबरोबर रंग निघून जातो आणि गुण तुपात राहतो. अमीरला हे हाताने माहीत होते.

ओ'शॉनेसीने तुपाऐवजी मद्यार्क घेतला. गांजाचे चिकट शेंडे त्यात उकळायचे, मग मद्यार्क उडवून घट्ट अर्क उरवायचा. फायदा एवढाच की मात्रा ग्रेनमध्ये मोजता येऊ लागली. पण औषधाच्या दृष्टीने ‘एवढाच’ म्हणणे बरोबर नाही, कारण माजूमची वडी मोजून देता येत नाही.

आपल्या काही वाचकांना हा विषयच नकोसा वाटेल. नशा हराम आहे, त्यात वाद नाही. इब्न तैमिया हशीशबाबत फार कडक होते. बद्रुद्दीन झरकशी (मृत्यू १३९२) यांनी हशीश हराम असल्याबद्दल वेगळा ग्रंथच लिहिला. पण औषध म्हणून वापराचा प्रश्न त्यांनीही टाळला नाही, विचारात घेतला. आपण मात्र तो ऐकताच कानावर हात ठेवतो.

ओ'शॉनेसीच्या रुग्णांत हकीम अब्दुल्ला होते. पिसाळलेले कुत्रे मनगटाला चावलेले, पाणी दिसले तरी झटके येत. अर्क दिल्यावर ते संत्रे चोखू शकले, ओला भात गिळू शकले. काही दिवसांत वारले. रोग बरा झाला नाही, मरण सुसह्य झाले, असाच ओ'शॉनेसीचा निष्कर्ष होता.

पुढे लंडनच्या पीटर स्क्वायरने हा अर्क स्वतःच्या नावाने विकला. १८९६मध्ये केंब्रिजच्या वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी चरसाचे कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करून लालसर तेल मिळवले. १९६४मध्ये इस्राएलच्या गाओनी आणि मेशूलम यांनी टीएचसी वेगळे केले. ही कथा बहुधा ओ'शॉनेसीपासून सुरू करतात. त्याने स्वतः मात्र आपल्या निबंधात अमीरचे नाव लिहिले आहे, आणि आपल्या धंद्यातला सर्वांत पटाईत कारागीर मानला जातो, असेही.